पाटलाची वहाण आणि वजीर

टाकळगव्हाणच्या चावडीवर वजीर शिपाई होता, त्या काळातली ही गोष्ट. ती मला वजीरनं सांगितलेली नाही, त्याच्या बायकोनं, जमिलाबीनं सांगितली, म्हणून मी ती लिहायला धजलो. वजीर माणूस सोन्यासारखा. जन्मात कुणाशी खोटं बोलला नाही. पण त्याच्या कानात घातलेला निरोप तोंडातून बाहेर पडेपर्यंत वाटेत चार जणांना भेटून यायचा आणि येताना कपडे बदलून यायचा.

गाव तेरपासून दोन-तीन कोसांवर, तेरणेच्या काठाला. राज्य निजामाचं आणि गावापुरतं राज्य महालिंगप्पा पाटलांचं. पाटील धिप्पाड, मिशा भरघोस, आवाज मात्र बारीक. त्यामुळं चारचौघांत ओरडून बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं. गावाला काही कळवायचं म्हणजे वजीरला बोलवायचं, त्याच्या कानात सांगायचं आणि त्याला गल्लीत सोडायचं, अशी रीत. सोडल्यावर पुढं काय होईल ते अल्लाच्या आणि रामलिंगाच्या हाती.

एका पौषात महसुलाचे गिरदावरसाहेब दौऱ्यावर निघाले. पाटलांनी वजीरला सांगितलं, "गिरदावरसाब तेरहून गेले, आता आपल्याकडं येत्यात, समद्यांनी चावडीवर या, असं सांगून ये."

पहिल्या दोन घरी वजीरनं निरोप नीट सांगितला. तिसऱ्या घरी ताजा गूळ आला होता. त्यांनी खडा हातावर ठेवला. तो खाता खाता निरोपातलं मधलं वाक्य गुळाबरोबर पोटात गेलं. पुढच्या घरापासून वजीर सांगत सुटला, "गिरदावरसाब गेले. चावडीवर या." त्यात उन्हानं दमलेला, चेहरा सुकलेला. लोकांना दुसरं काय वाटणार?

साहेब चावडीपुढच्या लिंबाखाली बसून हुरडा खात होते, तेव्हा सगळं गाव डोक्यावर उपरणी घेऊन, खाली माना घालून आलं. बाया लांब उभ्या राहून पदरानं डोळे टिपत होत्या. साहेबांचा हात ताटातच थांबला. ते हळू आवाजात म्हणाले, "पाटील, किसका इंतकाल हुआ?"

पाटलांनी सगळ्यात पुढं असलेल्या गुंडाप्पाला विचारलं, "कोण गेलं रं?"

गुंडाप्पानं साहेबांकडं बघितलं, पुन्हा नीट बघितलं आणि म्हणाला, "ह्येच."

साहेब भला माणूस होता, हसला आणि उरलेला हुरडा संपवून पुढं गेला. पाटील मात्र हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी वजीरला समोर उभं केलं.

"वजीर, आजपासून तुझं तोंड फकस्त भाकरीसाठी. निरोप तोंडानं न्यायचा न्हाय."

"मग कशानं नेऊ, पाटील?"

"हातानं."

पाटलांनी तीन वस्तू ठरवल्या. चांदीच्या मुठीची काठी वजीरनं दारात आणली, की सरकारी काम आहे, चावडीवर या. पानतंबाखूची चंची आणली, की पाटलांना बोलत बसायचंय, सवडीनं या. आणि वहाण आणली, की तुम्ही काय केलंय ते पाटलांना कळलंय, असाल तसे या. वजीरनं दारापुढं उभं राहायचं, वस्तू दाखवायची, घरमालक 'आलो' म्हणाला की पुढं जायचं. एक शब्द बोलायचा नाही.

लोकांना वाटलं होतं की वजीर याला लाजेल. तो उलटा फुलला. दोन्ही तळहातांवर वस्तू आडवी धरून तो गल्लीतून असा चालायचा, जणू हैदराबादच्या दरबारात नजराणा घेऊन निघालाय. मान ताठ, नजर सरळ. वाटेत कुणी म्हटलं, "काय वजीरभाई, कुणीकडं?" तरी मान फक्त इंचभर हलायची. निरोप आता चुकत नव्हते. चुकायला त्यात काही उरलंच नव्हतं.

जमिलाबीला ही पद्धत फार पसंत पडली. तेल संपलं की ती रिकामी बाटली त्याच्या डोईच्या रुमालात गुंडाळून खुंटीला लावायची. रुमाल उचलला की वजीरला कळायचं. एकदा तिनं रुमालात पीठ नसलेली चाळण ठेवली. वजीर ती तशीच हातावर घेऊन चावडीपर्यंत गेला आणि पाटलांपुढं उभा राहिला. सवयीनं. पाटलांनी बराच वेळ चाळणीकडं बघितलं आणि घरातून पायलीभर ज्वारी मापून दिली. जमिलाबी सांगते, की त्या दिवशी नवरा आपल्याला पहिल्यांदा हुशार वाटला.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. तेराशे त्रेपन्न फसलीत, म्हणजे इंग्रजी चव्वेचाळीस साली, भाद्रपदात पाटलांना हिवताप आला. धाराशिवच्या दवाखान्यातून कोयनेल, म्हणजे क्विनीनच्या गोळ्या, आणल्या. कोयनेलानं ताप थोडा हटला, पण कानांत दिवसभर भुंगे गुणगुणायला लागले. पाटील अंथरुणात पडून, चार घोंगड्या पांघरून, कुणी काही विचारलं तर नुसतं "बघू" म्हणायचे. तसे ते एरवीही तेच म्हणायचे.

त्यांची बायको रुद्रम्मा गेली दहा वर्षं हे 'बघू' ऐकत होती. गावाला प्यायचं पाणी बारवेचं. बारवेला जाणारी वाट उताराची, चिकण मातीची. पावसाळ्यात तिथं रोज एखादी बाई घसरायची, घागर फुटायची. वाटेवर दगड आणि मुरूम टाकून घ्या, म्हणून रुद्रम्मानं दर पावसाळ्यात सांगितलं आणि दर पावसाळ्यात 'बघू' झालं. त्या आठवड्यात तर धुरपदाबाईचं पाऊल मुरगळलं आणि ती खाटेवर पडली.

वजीर सकाळी पाटलांच्या दारात आला. "आज काय न्यायचंय, आक्का?"

रुद्रम्मा आत गेली. पाटलांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अवो, बारवेच्या वाटंचं काय करायचं?"

"बघू," घोंगड्यांखालून आवाज आला.

"तुमी पडून ऱ्हावा. म्या बघते."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काठी होती. काठीबरोबर पाटलांचं पागोटं होतं. वजीरनं पागोट्याकडं बघितलं आणि त्याला घाम फुटला, कारण पागोट्याचा अर्थ कुणी ठरवून दिला नव्हता.

"काठी घरोघर दावून ये," रुद्रम्मा म्हणाली. "पागोटं चावडीत लोडाला ठेव. आन येताना बायांच्या घरी जा, त्या खापऱ्या देतील, त्या पाटीत भरून पागोट्याम्होरं ठेव."

"आन काय बोलू?"

"तुला बोलायला बंदी हाय न्हवं?"

त्या पावसाळ्यात फुटलेल्या घागरींच्या खापऱ्या बायांनी परसात ठेवल्याच होत्या. पाटी शिगोशीग भरली. काठी बघून पुरुष चावडीवर आले. येऊन बघतात तर लोडाला टेकून पागोटं बसलेलं, पुढं खापऱ्यांची पाटी आणि बाजूला वजीर, भिंतीसारखा.

उत्तरेश्वर गावात सगळ्यात बोलका. तो पागोट्याला नमस्कार करून म्हणाला, "बसू का, पाटील?" मग आपण काय बोललो हे कळून ओशाळला, पण बसला मात्र परवानगी मिळाल्यासारखा. बाकीचेही बसले. महांतप्पानं पाटीतली एक खापरी उचलली. तिच्या काठाला गेरूची रेघ होती.

"ही आमच्यातली दिसती," तो म्हणाला.

मग प्रत्येकानं पाटीत हात घातला. कुणाच्या घागरीचा गळा, कुणाचा काठ. बायकोनं घागर फुटली म्हणून सांगितलं होतं तेव्हा प्रत्येकानं तिलाच वेंधळी ठरवलं होतं. इतक्या वेंधळ्या बाया एकाच गावात कशा आल्या, हा प्रश्न आता पाटीतून वर येत होता.

"पाटलाचं अंग तापात हाय," गुंडाप्पा खालच्या आवाजात म्हणाला, "पण डोकं चावडीवर पाठवलंय. लई राग आलेला दिसतो. एक शब्द बोलंनात."

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. गावातल्या बैलगाड्या माळावर गेल्या, मुरूम आणला, ओढ्यातले चपटे दगड आणले. चार-पाच दिवसांत बारवेची वाट अशी झाली की धुरपदाबाई काठी टेकत टेकत ती मुद्दाम बघायला आली आणि दोनदा खाली-वर चालून गेली. वजीर रोज पागोटं घेऊन तिथं जायचा आणि ते आंब्याच्या फांदीला अडकवून सावलीत बसायचा. पागोट्यापुढं कामचुकारपणा करायची कुणाची छाती झाली नाही.

इथपर्यंत रुद्रम्मानं ठरवून केलं. पुढचं तिनं ठरवलं नव्हतं.

पाटलांचा ताप उतरत आला होता. एके दिवशी उन्हं कलल्यावर त्यांना अंगणात चालवावं म्हणून तिनं वहाणा पुढं केल्या, तर डाव्या वहाणेचा अंगठा तुटलेला. तिनं ती वजीरच्या हातात दिली आणि म्हणाली, "महारुद्राकडून शिवून आण." महारुद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. वहाणा शिवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता.

वजीरनं वहाण घेतली आणि सवयीप्रमाणं दोन्ही तळहातांवर आडवी धरली. मान ताठ केली आणि निघाला.

गुंडाप्पा ओसरीवर चऱ्हाट वळत बसला होता. वजीर बरोबर त्याच्या दारापुढं थांबला. थांबायचं कारण साधं होतं, पायात काटा मोडला होता. हात अडकलेले, काटा काढता येईना, बोलायची बंदी. वजीर एका पायावर उभा राहून गुंडाप्पाकडं कळवळून बघत राहिला.

गुंडाप्पाच्या हातातलं चऱ्हाट गळलं. "म्हंजी पाटलांना कळलं?"

वजीरला कळ आली. त्यानं मोठा सुस्कारा टाकला.

"आलोच," गुंडाप्पा म्हणाला आणि अंगरखा शोधायला आत पळाला. त्यानं वैशाखात शेजारच्या शिवप्पाच्या बांधावरचा दगड हातभर सरकवला होता.

वजीर लंगडत पुढं गेला. उत्तरेश्वराच्या दारात त्याचं कुत्रं चामड्याच्या वासानं पुढं आलं आणि वहाणेकडं उड्या मारायला लागलं. वजीरनं डोळे वटारले. कुत्र्यावर. उत्तरेश्वर कुत्र्याच्या मागंच उभा होता. देवळाच्या जमिनीतला कडबा त्याच्या गंजीत कसा आला, याचा खुलासा तो कुणी न विचारता तिथंच करायला लागला. वजीर काही बोलेना, तेव्हा म्हणाला, "बरं, पाटलांनाच सांगतो."

कस्तुराबाईनं तर वजीर थांबायचीसुद्धा वाट बघितली नाही. तो नुसता दारावरून गेला. लेकीच्या बाळंतपणाला तिनं रुद्रम्माचं तांब्याचं घंगाळ नेलं होतं आणि मागितल्यावर 'दिलंय की परत' म्हणून सांगितलं होतं. वजीर कोपऱ्यावर वळतोय तोवर घंगाळ चिंचेनं घासून लखलखीत झालं होतं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पाटलांच्या ओसरीवर ही मंडळी एकेक करून जमली. रुद्रम्मा दाराच्या आत तूर निवडत बसली होती. तिला आधी वाटलं, हे सगळे ताप बघायला आले. गुंडाप्पा दगडाचं सांगायला लागला तेव्हा तिचा हात सुपात थांबला. त्याचं सांगून झाल्यावर एवढंच म्हणाली, "बरं."

"सकाळच्याला दगड जागच्या जागी जाईल, आक्का."

"बरं."

उत्तरेश्वराचं झालं. "बरं." घंगाळ उंबऱ्यावर आलं. रुद्रम्मानं त्यात वाकून आपलं तोंड बघितलं आणि पुन्हा, "बरं."

आतून पाटलांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"तुमच्या तब्येतीचं विचाराया आल्यात."

"मग आत का येत न्हाईत?"

"त्यांस्नीच बरं वाटंना झालंय."

इतक्यात वजीर वहाण शिवून घेऊन आला. नवा अंगठा, नवा टाका. वहाणेकडं नजर जाताच ओसरीवरचे सगळे उठून उभे राहिले. वजीरला वाटलं, आपला मान वाढला. तोही ताठ उभा राहिला.

पाटील बरे होऊन चावडीवर गेले, तेव्हा गाव ओळखू येईना. वाट झालेली, दगड जागेवर, कडबा देवळात. लोक म्हणाले, "पाटील, अंथरुणात पडून बी तुमी गाव सोडलं न्हाय." पाटलांना काही उमजलं नाही, पण स्तुती मात्र नीट ऐकू आली. कानातले भुंगे तोवर गेले होते. हळूहळू त्यांना स्वतःलाही खरं वाटायला लागलं. येडशीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना, वाशीच्या बाजारात, सोयऱ्यांच्या घरी, जिथं जातील तिथं ते मिशीवर हात फिरवत सांगायचे, "गावाला धाक पायजे. म्या तापात हुतो, जिभंला कोरड, तरी गाव सुतासारखं सरळ." घरी पाहुण्यांपुढं हे सुरू झालं, की आत रुद्रम्मा भाकरी थापत असायची. तेव्हा भाकरीचा आवाज जरा मोठा यायचा, एवढंच.

वजीरला सगळं माहीत होतं आणि बोलायला बंदी होती. हे ओझं त्याला सोसेना. शेवटी त्यानं ते सगळं आपल्या शेळीला सांगितलं. जमिलाबी म्हणते, शेळीला सांगतानाही त्यानं वहाणेच्या आधी घंगाळ घेतलं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. आधी रझाकारांनी गावं नासली, मग सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. ज्यांनी नासधूस केली ते पळाले. त्याचा वचपा मात्र ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्या दारावर निघायला लागला. बाहेरगावचे जथे फिरत होते. कुठं कुठं काय झालं ते कानावर यायचं आणि माणसं ते पुरतं बोलत नसत. वजीर घरात बसून होता. त्याची लेक नूरुन्निसा तेव्हा लग्नाच्या वयाची होती.

पाटलांनी आपली चांदीच्या मुठीची काठी पाठवली आणि वजीरच्या दाराला टेकवून ठेवायला सांगितली. या घराला हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ. गावात तो सगळ्यांना कळला.

जमिलाबीनं काठी उचलली, पदर सावरला आणि भर दुपारी पाटलांच्या घरी आली. ती पाटलांपुढं कधी बोललेली नव्हती.

"पाटील, ही काठी आपल्या गावाला कळती. भाइरून येनाऱ्याला ह्ये नुसतं लाकूड हाय."

पाटलांनी रुद्रम्माकडं बघितलं. तिनं कोपऱ्यातली वळकटी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

महालिंगप्पा पाटील वजीरच्या ओसरीवर येऊन राहिले. दारातच खाट टाकली. भाकरी घरून यायची, पाण्याचा तांब्या घरचा, बाकी मुक्काम तिथंच. त्यांच्या घोरण्यानं घरातल्या कुणाला झोप लागायची नाही. पण त्या दिवसांत जमिलाबीला तो आवाज बंद पडायचीच भीती वाटायची.

एका सकाळी पंधरा-वीस माणसं वेशीतून आत आली. हातात लाठ्या, कुऱ्हाडी. पाटील खाटेवरून उठले, दाराच्या चौकटीत उभे राहिले. बारीक आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या घरात माझी माणसं ऱ्हात्यात. म्या महालिंगप्पा, हितला पाटील. आत जायचं तर मला बाजूला करावं लागंल." त्यातल्या एकानं त्यांना तेरच्या बाजारात बघितलं होतं. ती माणसं घटकाभर तिथं घुटमळली, आपसात कुजबुजली आणि ओढ्याच्या वाटेनं निघून गेली.

वजीर दार उघडून बाहेर आला तेव्हा पाटील खाटेवर बसून चंचीची गाठ सोडत होते आणि ती त्यांना सुटत नव्हती. वजीरनं चंची घेतली, पान लावलं, हातावर ठेवलं.

"बोल की रं," पाटील म्हणाले. "कायतरी बोल."

"बंदी हाय, पाटील."

"उठली. बोल."

वजीर खाली बसला आणि बोलायला लागला. चार वर्षांचं साठलेलं. पागोटं, शेळी, खापऱ्या, कुत्रं, सगळं एकदम. आतून जमिलाबी दुरुस्ती करत होती, "तसं न्हाय, आधी खापऱ्या." पाटील ऐकत राहिले. त्यांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग पडला.

"म्हंजी वहाण शिवाया चालली हुती?"

"व्हय."

"आन गुंडाप्पा?"

"माझ्या पायात काटा मोडला हुता, पाटील."

पाटलांनी पान तोंडात तसंच धरलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की पान ठसक्याबरोबर बाहेर पडलं आणि नूरुन्निसा घाबरून पाणी घेऊन पळत आली. किती तरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

वातावरण निवळल्यावर वळकटी काखेत मारून पाटील घरी गेले. रुद्रम्मा तूर भरडत होती.

"तू चार सालं मला सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाय."

"म्या वाशीच्या बाजारात काय काय बोललो गं."

"ठावं हाय. आमच्या म्हायेरापत्तुर आलंय."

पाटील जात्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आता तू चावडीवर चल."

"आन भाकरी कोन करंल? पागोटं?"

पुढच्या उन्हाळ्यात नव्या राज्याचे एक अधिकारी गावात शाळा कुठं बांधायची ते विचारायला आले. चावडी भरली होती. नूरुन्निसाचं लग्न वाशीच्या एका दर्ज्याच्या मुलाशी ठरलं होतं, म्हणून वजीर नवा अंगरखा घालून दारात उभा होता. साहेबांनी नकाशा पसरला आणि विचारलं, "पाटील, जागा कुठली?"

पाटलांनी नकाशा बघितला, मिशीवरून हात फिरवला. पुष्कळ जणांना 'बघू' येणार असं वाटलं.

"घरात इचारून उद्या सांगतो," ते म्हणाले.

साहेब चमकले. गावातलं कुणी चमकलं नाही. गुंडाप्पानं तर मान डोलावली. वजीर दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "साब, तोवर चहा घ्या." साहेबांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी बारवेच्या वरच्या अंगाला, जिथं पोरांना पाणी जवळ आणि चिखल लांब, तिथं शाळेच्या पायासाठी दोरी मारली.